जलपर्णीवर उतारा पाणघोड्याचा!

१९१० साली अमेरिकेच्या संसदेत एक विधेयक आलं. अडीच लाख डॉलर द्या, आम्ही आफ्रिकेतून पाणघोडे आणतो आणि लुइझियानाच्या पाणथळीत सोडतो, अशी मागणी होती. रॉबर्ट ब्रुसार्ड या खासदारांचा हिशेब सरळ होता. तिथले जलमार्ग जलपर्णीने गच्च भरले होते आणि देशात मांसाची टंचाई होती. पाणघोडे जलपर्णी खातील, लोक पाणघोडे खातील, दोन्ही प्रश्न एकदम सुटतील!

विधेयकाच्या बाजूने बोलायला दोन जबरदस्त माणसं उभी राहिली: फ्रेडरिक बर्नहॅम आणि फ्रिट्झ ड्यूकेन. बोअर युद्धात दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी लढले होते, पाणघोड्यासाठी मात्र एकत्र आले. यातला ड्यूकेन पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतल्या नाझी हेरांच्या टोळीचा म्होरक्या म्हणून पकडला गेला. एका तणाच्या गोष्टीत हेरकथा निघावी, हे मला भारीच वाटतं.

विधेयक काही मंजूर झालं नाही आणि ते बरंच झालं. पाणघोडा दिवसभर पाण्यात डुंबतो आणि रात्री काठावर चढून गवत चरतो. पाण्यावरचं तण त्याने साफ केलं असतं, याची खात्री नव्हती. त्याची संख्या किती वाढते, ते कोलंबियात दिसलं. पाब्लो एस्कोबारने १९८०च्या दशकात आणलेल्या चार पाणघोड्यांची आज शंभरावर प्रजा झाली आहे.

पंधरवड्याला दुप्पट

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. देठात हवा भरलेली, म्हणून तरंगते. वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा ठिपका असलेलं जांभळं फूल इतकं देखणं, की जगभरच्या हौशी माणसांनी ती स्वतःहून घरी नेली. एका रोपाला आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवं रोप येतं, त्याला पुन्हा धुमारा. पंधरवड्याला दुप्पट हा वेग धरला, तर दहा रोपांची आठ महिन्यांत ६,५५,३६० रोपं होतात. वही घेऊन सोळा वेळा दुप्पट करून पाहा.

त्यात बी वेगळंच. तळाच्या गाळात ते १५-२० वर्षं जिवंत राहतं. तळं स्वच्छ झालं म्हणून टाळ्या वाजवल्या, तरी गाळातली फौज शाबूत असते.

आणि वजन? या रोपात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे पोकलेन लावून, डंपर भरभरून आपण लांब नेऊन टाकतो ते मुख्यतः पाणी. आधी काठावरच पसरून सुकवली, तर तेच काम कितीतरी कमी फेऱ्यांत होतं.

जाहीरनाम्यात जलपर्णी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचं झाड म्हणून ती बंगालमध्ये आली. थोड्याच वर्षांत भातखाचरं, तळी आणि होड्यांच्या वाटा तिने गिळल्या. १९२१ साली सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते साक्षात जगदीशचंद्र बोस. १९३६ मध्ये खास जलपर्णी कायदा झाला आणि आपल्या जागेत ती वाढू देणं बेकायदा ठरलं. १९३७च्या निवडणुकीत तर जलपर्णीमुक्त बंगालचं आश्वासन सगळ्याच पक्षांनी दिलं. फजलुल हक सरकारने सत्तेवर आल्यावर मोहीम खरोखरच जोरात राबवली. गावोगावी माणसं पाण्यात उतरली. एका पाणवनस्पतीने निवडणूक गाजवावी, हे त्या काळच्या शेतकऱ्याचे हाल किती होते ते सांगून जातं.

चुकीच्या नावामुळे हुकलेला पत्ता

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. साल्विनिया नावाचं एक तरंगतं नेचं आहे. केरळात त्याला आफ्रिकन पायल म्हणतात. अनुकूल पाण्यात ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. गंमत म्हणजे ते वांझ आहे, त्याच्या बीजाणूंतून काहीच उगवत नाही. जगभर पसरलं ते निव्वळ तुकड्यातुकड्यांनी. होडीला चिकटलेला एक कोंब नव्या तळ्याला पुरतो. यंत्राने कापाकापी केली आणि तुकडे पाण्यातच राहिले, तर आपणच त्याची लागवड केली असं समजा.

याला खाणारा कीटक शोधायचा तर त्याच्या मायदेशी जायला हवं. पण अनेक वर्षं शास्त्रज्ञ या नेच्याला दुसऱ्याच एका जातीच्या नावाने ओळखत होते, त्यामुळे शोधही त्या जातीच्या मुलखात चालला. तिथून आणलेल्या कीटकांचा फारसा उपयोग झाला नाही. १९७२ मध्ये ही जात वेगळी असल्याचं स्पष्ट झालं आणि १९७८ मध्ये तिचं खरं घर सापडलं, आग्नेय ब्राझीलमध्ये. तिथे तिच्यावर एक काळा भुंगेरा जगत होता, जेमतेम दोन मिलिमीटरचा. आपल्या तांदळात होणाऱ्या सोंड्यांच्या नात्यातला.

१९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या मूनडारा तलावात सोडला. पुढच्या वर्षापर्यंत सुमारे १८,००० टन साल्विनिया नाहीशी झाली होती. अळी खोडात भुयार पाडते, प्रौढ भुंगेरा कोंब खातो, झाड काळं पडून बुडतं. तोच भुंगेरा १९८३ पासून भारतात आहे आणि केरळच्या कालव्यांत त्याने मोठं काम केलं. अलीकडे मध्य प्रदेशात, आपल्या अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या सातपुडा जलाशयातही जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्यालाच कामाला लावलं. तिथले लोक या तणाला चायनीज झालर म्हणतात. ब्राझीलच्या झाडाला!

पळत पळत काही

गवत्या मासा. आपल्या मत्स्यशेतीतला हा पाहुणा भारतात आला १९५९ मध्ये. घशात दात असलेला पट्टीचा शाकाहारी. हायड्रिलासारखं बुडालेलं मऊ तण तो फस्त करतो, जलपर्णी मात्र त्याला फारशी आवडत नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी त्याची फक्त वांझ पैदास सोडता येते. अंड्यांना ठरावीक क्षणी दाबाचा झटका देऊन गुणसूत्रांचा एक जादा संच त्यांच्यात ठेवला जातो.

हायड्रिला. शाळेत नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे आपण पाहिले, तीच. इथे ती आपल्या पाण्यातली, पण १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांची डोकेदुखी झाली. तिला आवरायला अमेरिकेने १९८७ मध्ये भारतीय उपखंडातलीच एक चिमुकली माशी नेली. आपण दक्षिण अमेरिकेतले भुंगेरे आणले, अमेरिकेने आपल्याकडून माशी!

गोणपाट. आयर्लंडच्या लॉख कॉरिब तलावात आफ्रिकेतलं एक कुरळं तण माजलं, तेव्हा तळाशी चक्क गोणपाट अंथरलं. उजेड न मिळाल्याने तण मेलं. तिथल्या मूळच्या नाजूक वनस्पती मात्र विणीतून वर आल्या आणि गोणपाट काही काळाने कुजून गेलं. इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडते.

डास. मॅन्सोनिया जातीच्या डासाची अळी श्वासासाठी पाण्यावर येतच नाही. ती पाणवनस्पतींच्या मुळांना नळी टोचून तिथली हवा घेते. केरळात हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा प्रसार हाच डास करत होता, म्हणून तिथे तळ्यांतल्या तरंगत्या वनस्पती काढणं हा आरोग्यखात्याचा विषय झाला.

तरंगते मळे. बांगलादेशात पिरोजपूर, गोपालगंज भागात शेतकरी कुजत्या जलपर्णीचे लांबच लांब तराफे रचून त्यावर भाज्या आणि रोपं वाढवतात. पूर आला की मळाही वर उचलला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये या पद्धतीला जागतिक कृषी वारशाचा मान दिला.

योगासनाची चटई. गुवाहाटीजवळच्या दीपोर बिलच्या काठावरच्या मच्छीमार कुटुंबांतल्या सहा मुलींनी जलपर्णीच्या धाग्यांची चटई विणली. नाव ठेवलं मूरहेन, त्या तळ्यातल्या पाणकोंबडीवरून.

तिचं जेवण कुठून येतं?

दक्षिण आफ्रिकेतलं हार्टबीस्पूर्ट धरण पुण्याच्या माणसाला ओळखीचं वाटेल. मोठ्या शहरांचं सांडपाणी त्यात येतं आणि त्यावर जलपर्णीचा थर. तिथल्या ऱ्होड्स विद्यापीठाने एक इवलासा रसशोषक तुडतुडा हजारोंच्या संख्येने वाढवून सोडला. धरणाकाठच्या रहिवाशांनीही आपापल्या आवारात त्याची पैदास केली. २०२०च्या सुरुवातीला जलपर्णी झपाट्याने ओसरली. पुढच्या काही वर्षांत मोकळ्या झालेल्या पाण्यावर दुसरंच तण पसरलं: साल्विनियाची एक धाकटी बहीण. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात तसंच होतं, जेवणारा फक्त बदलला.

मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, पाषाणचं तळं, किंवा कोल्हापूर-इचलकरंजीकडची पंचगंगा, जिथे याच जलपर्णीला केंदाळ म्हणतात. सगळीकडे तिला हे जेवण आपणच वाढतो. पावसाळ्याआधी यंत्रं उतरतात, उरलेलं काम पहिला पूर करतो आणि ते हिरवं ओझं भीमेतून उजनीकडे किंवा नरसोबाच्या वाडीला कृष्णेकडे जातं. माझं ठाम मत आहे की यंत्रावरच्या पहिल्या रुपयाआधी सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर रुपया जायला हवा. तणनाशकाच्या फवारणीचा तर मोह नकोच. मेलेलं झाड तळाशी जाऊन कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात.

जलपर्णीचे भुंगेरेही भारतात आहेत, बेंगळुरूत १९८३ च्या सुमारास सोडलेले, मूळचे अर्जेंटिनातले. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ पासून सोडलेल्या याच भुंगेऱ्यांचा जलपर्णी ओसरण्यात मोठा वाटा होता. दिवसा ते पानांच्या बेचक्यात लपतात, रात्री खातात. त्यांना शोधणं सोपं आहे. फिरायला गेलात तर काठावरचं एक पान हातात घ्या. त्यावर खरवडल्यासारखे बारीक चौकोनी तपकिरी डाग दिसले, तर भुंगेरे कामावर आहेत. देठाचं बूड चिरलं तर अळीची भुयारंही सापडतील. अशा तळ्यात यंत्र लावायचं झालंच, तर एका कडेचा पट्टा तसाच राखायला पालिकेला जरूर सांगा. सगळी जलपर्णी उपसली की तिच्याबरोबर भुंगेरेही डंपरमध्ये जातात, आणि गाळातलं बी उगवेल तेव्हा तिला खायला कोणीच नसतं.