बाहरोटच्या गुहा मोजायच्या कशा?

बोर्डीजवळच्या बारड डोंगरावर कातळात कोरलेल्या बाहरोटच्या गुहा आहेत. पारशांची वस्ती असलेलं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, इथे १२ वर्षं जपला, असं १५९९ सालचं ‘किस्सा-ए-संजान’ हे फारसी काव्य सांगतं. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्यात तेवतोय!

अशा जागेची नोंद एका साधनाने पुरी होत नाही:

🔹 टोटल स्टेशन: कोन आणि अंतर मोजणारं हे यंत्र पक्के संदर्भबिंदू देतं. बाकी सगळी मापं त्यांनाच जोडायची.
🔹 लेझर स्कॅनर: अंधारातही चालतो. छताचा उतार, भिंतीचा फुगवटा बारकाईने टिपतो.
🔹 फोटोग्रामेट्री: एकमेकांवर बरेचसे चढणारे शेकडो फोटो जुळवून रंगांसकट त्रिमितीय प्रतिकृती.
🔹 हाताने रेखाटन: छिन्नीचा घाव कुठला आणि पाण्याने झिजलेला खळगा कुठला, हे जाणकार नजरच ओळखते.

सोबत भूशास्त्रज्ञ कातळाच्या भेगा तपासतो, इतिहासकार जुने कागद धुंडाळतो आणि पायथ्याच्या पाड्यांतली जाणती माणसं जुन्या वाटा, पाण्याच्या जागा दाखवतात.

तुम्ही गेलात तर फोटोत मोजपट्टी ठेवा, तारीख लिहा, दगडावर खूण मात्र करू नका. दगड झिजत राहतो. पुढे किती झीज झाली ते आजच्या मापावरूनच कळेल.

#डहाणू #तलासरी #वारसा