हृदयविकाराचा झटका : दुसऱ्या उपचाराची मुदत चुकू नये

श्रीक्षेत्र कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील, वर्धा नदीच्या काठी वसलेले प्राचीन गाव. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वश्रुत आहे. रुक्मिणीमातेची पालखी येथून आषाढीसाठी पंढरपुरास जाते व ही परंपरा इ. स. १५९४ पासूनची मानली जाते. वऱ्हाडातील अशा गावांचे वर्ष शेती आणि वारी यांनी बांधलेले असते. मृगात पेरणी, आषाढात वारी, दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी. दवाखान्याच्या तारखाही याच हिशेबाने पुढे ढकलल्या जातात. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या दुसऱ्या उपचाराची तारीख मात्र अशी ढकलणे धोक्याचे आहे.

पहिला उपचार

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत चरबीचा थर साचतो. हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की रोहिणी बंद होते व त्यापुढील स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा तीव्र झटका होय. ईसीजीने निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी असेल, तर फुग्याच्या साहाय्याने बंद रोहिणी उघडून तेथे स्टेंट बसविणे हा सर्वोत्तम उपाय ठरतो. तेवढ्या वेळेत मोठे रुग्णालय गाठणे शक्य नसल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन विनाविलंब द्यावे लागते. इंजेक्शनाने वेदना थांबल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. रुग्णास तातडीने अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात हलवून, साधारणतः २ ते २४ तासांच्या दरम्यान अँजिओग्राफी करावयाची असते. इंजेक्शनाचा गुण न आल्यास तेवढेही थांबता येत नाही.

उरलेले अडथळे

झटका एका रोहिणीमुळे येतो. तथापि अँजिओग्राफीत जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या इतर रोहिण्यांतही मोठे अडथळे आढळतात. पहिल्या वेळी डॉक्टर बहुधा झटक्यास कारणीभूत झालेली रोहिणी उघडतात व उरलेल्यांसाठी पुन्हा बोलावतात. रुग्ण घरी येतो, छातीत दुखत नाही, हिंडूफिरू लागतो. ‘आता बरे आहे, मग पुन्हा कशाला?’ हा प्रश्न येथूनच निर्माण होतो.

या प्रश्नाचे उत्तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कम्प्लीट’ या अभ्यासाने दिले. ३१ देशांतील ४,०४१ रुग्णांचा त्यात समावेश होता. केवळ कारणीभूत रोहिणी उघडलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन वर्षांत १०.५ टक्के रुग्णांना हृदयविकाराने मृत्यू अथवा नवा झटका आला. उरलेले मोठे अडथळेही दूर केलेल्या रुग्णांत हे प्रमाण ७.८ टक्के राहिले. हा फरक प्रामुख्याने नव्या झटक्यांच्या संख्येत होता.

पंचेचाळीस दिवस

या अभ्यासात दुसरा उपचार रुग्णालयातील त्याच मुक्कामात किंवा घरी गेल्यानंतर ४५ दिवसांच्या आत करण्यात आला व दोन्ही प्रकारे लाभ सारखाच दिसला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मल्टिस्टार्स’ या ८४० रुग्णांच्या अभ्यासात, स्थिर प्रकृतीच्या रुग्णांचे सर्व अडथळे एकाच वेळी काढणे हे १९ ते ४५ दिवस थांबण्यापेक्षा कमी प्रतीचे ठरले नाही. त्याच वर्षीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही, उरलेल्या रोहिण्यांचा उपचार पहिल्याच वेळी किंवा ४५ दिवसांच्या आत करावा, असे सांगितले. तात्पर्य, लवकर केल्यास चालते. हंगाम संपेपर्यंत थांबण्यास मात्र आधार नाही.

सर्वांना एकच नियम नाही

रक्तदाब कोसळून प्रकृती अत्यवस्थ झालेल्या रुग्णाच्या सर्व रोहिण्या एकाच वेळी उघडणे अपायकारक ठरते, हे २०१७ च्या एका अभ्यासात दिसून आले. मूत्रपिंड दुर्बल असल्यास अँजिओग्राफीच्या औषधामुळे होणाऱ्या त्रासाचा विचार करून दोन उपचारांत अंतर ठेवावे लागते. झटका येऊन काही दिवस लोटल्यावर पूर्ण बंद आढळलेली रोहिणी, वेदना नसताना, उघडून फायदा होत नाही, असे २००६ सालच्या अभ्यासाने दाखविले. काही रुग्णांना बायपास शस्त्रक्रिया अधिक हितकारक असते. म्हणून दुसरा उपचार हवा की नको, याचा निर्णय डॉक्टरांचा. तो हवा असे ठरल्यावर मुदत पाळणे हे रुग्णाचे व घरच्यांचे काम होय.

गावाची जबाबदारी

स्टेंट बसविल्यावर रक्त गोठू न देणारी दोन औषधे बहुधा वर्षभर घ्यावी लागतात. ती डॉक्टरांना न विचारता बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढण्यापूर्वीही ही औषधे चालू असल्याचे सांगावे. प्रकृती सुधारली तरी पायी वारीस निघण्यापूर्वी डॉक्टरांची अनुज्ञा घ्यावी.

खर्चाची चिंता हेही तारीख टळण्याचे एक कारण असते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते व अँजिओप्लास्टीचा तीत अंतर्भाव आहे. नियोजित उपचारास पूर्वमंजुरी लागत असल्याने, रुग्णालयातून निघण्यापूर्वीच आरोग्यमित्रास भेटून पुढील तारीख व कागदपत्रे निश्चित करून घ्यावीत.

आशा कार्यकर्ती, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी गावात परतलेल्या अशा रुग्णाच्या घरी दोनच गोष्टी विचाराव्यात : कागदावर पुढची तारीख लिहिली आहे काय, आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या आतली आहे काय? तारीख नसेल तर रुग्णालयाशी संपर्क साधून ती मिळवून द्यावी. पेरणीस शेजारी हात देतील व वारी पुढील वर्षीही घडेल. उपचाराचे हे दिवस मात्र पुन्हा हाती येत नाहीत.