पी-वन, पी-टू आणि पुढील आदेश होईपर्यंत

पुण्याच्या वाहतूक शाखेच्या जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कुठेतरी एका चौकटीत येतात. त्यांची भाषा ठरलेली आहे. आधी गृह विभागाच्या 27 सप्टेंबर 1996 च्या अधिसूचनेचा हवाला, मग मोटार वाहन कायद्याची 115, 116 आणि 117 ही कलमं, आणि मग मुद्द्याची गोष्ट: अमुक चौकापासून तमुक दुकानापर्यंत, शंभर मीटर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नो पार्किंग. अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका वगळून. कुणाची हरकत असेल तर येरवडा टपाल कार्यालयाजवळच्या वाहतूक शाखेकडे लेखी कळवावी. ही बंदी बहुतेक वेळा ‘तात्पुरत्या स्वरूपात’ असते, नाहीतर ‘पुढील आदेश होईपर्यंत’.

ही कात्रणं ओळीने लावली तर कुठे मॉल आला, कुठे शाळेचं दार हललं, कुठे मेट्रोचा खांब उभा राहिला, हे सगळं कळत जातं. शहराचा एकत्र विचार मात्र त्यांत सापडत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुण्याने गाडी कुठे लावायची नाही हे शंभर-शंभर मीटरच्या तुकड्यांनी ठरवलं. लावायची कुठे, आणि त्या जागेचे पैसे किती, हे दोन प्रश्न दरवेळी पुढच्या सभेवर ढकलले गेले.

एके काळी हे प्रश्न पडतच नव्हते. पुणं सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं तेव्हा सायकल भिंतीला टेकवली की काम झालं. रात्री ती वाड्याच्या दिंडीतून आत जायची. 1972 च्या सुमारास पुण्याच्या परिसरातूनच दोन वाहनं बाजारात आली, आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लूना. चेतकसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची. तेव्हाचे रस्ते किती मोकळे होते म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: ते मोकळे ठेवले होते प्रतीक्षायादीने, वाहतुकीच्या नियमांनी नव्हे. 1991 नंतर यादी संपली, कर्ज सोपं झालं आणि घरटी एक सायकल होती तिथे घरटी दोन दुचाक्या आल्या. त्याच काळात पेठांमधले वाडे पडत होते आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. नकाशावर तळमजल्याला पार्किंग असायचं. त्याचं पुढे कुणाचं गोदाम झालं, कुणाचं दुकान.

कायदा मात्र अगदी निःसंदिग्ध होता. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि त्याच्या जोडीला रस्त्यावर वागायचे विनियम आले. चौकाजवळ गाडी लावू नये, वळणावर लावू नये, चढाच्या माथ्यावर लावू नये. फुटपाथवर, पादचारी पट्ट्यांजवळ, बसथांब्याजवळ, शाळा आणि रुग्णालयाच्या दारात, अग्निशमनाच्या नळासमोर, दुसऱ्या उभ्या गाडीच्या शेजारी लावू नये. 2017 मध्ये नवे विनियम आले तरी गाभा तोच राहिला. ही यादी हातात घेऊन अलका टॉकीजपासून सोन्या मारुती चौकापर्यंत लक्ष्मी रस्त्याने चालून पाहावं. दर थोड्या अंतरावर चौक, बोळ किंवा बसथांबा. यादी शब्दशः पाळली तर तिथे गाडी लावायला जागा जवळजवळ उरत नाही. कायदा असा सगळीकडेच मोडतो म्हटल्यावर स्थानिक तोडगा काढणं आलं. पुण्याचा तोडगा म्हणजे पी-वन, पी-टू.

पुण्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. रस्त्याच्या एका बाजूला पी-1 ची पाटी, दुसऱ्या बाजूला पी-2 ची. विषम तारखेला पी-1 च्या बाजूने गाड्या लावायच्या, सम तारखेला पी-2 च्या. ही पद्धत इतर शहरांतही आहे, पण पुणेकराच्या हाडीमाशी ती जितकी भिनली आहे तितकी क्वचितच कुठे भिनली असेल. रस्त्यावर पोचल्यावर माणसं आधी ‘आज तारीख काय?’ असं विचारतात आणि मग इंडिकेटर लावतात. पंचांगात तिथी बघणाऱ्या शहराला हे जड गेलं नाही.

या व्यवस्थेकडे वाहतुकीचा नियम म्हणून पाहिलं तर ती विचित्र वाटते. रस्त्याची रुंदी तारखेनुसार बदलत नाही. गाड्या डावीकडे लागल्या काय आणि उजवीकडे लागल्या काय, वाहतुकीला तेवढाच रस्ता उरतो. म्हणून माझं मत असं, की हा नियम वाहतुकीचा नाहीच, तो वाटणीचा आहे. दुकानासमोर गाड्यांची रांग असणं ही कुणाला अडचण वाटते, तर कुणाला गिऱ्हाइकाची सोय. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना अडचण आणि सोय निम्मी-निम्मी मिळाली, आणि कुणाचं खरं हे ठरवण्याची वेळच आली नाही. भावकीच्या सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावतात, तसंच हे. त्यातही एक खोट आहे. 31 तारखेनंतर 1 तारीख येते, म्हणजे लागोपाठ दोन दिवस विषम. पी-1 च्या बाजूला वर्षातून सात महिन्यांच्या अखेरीस सलग दोन दिवस गाड्या सोसाव्या लागतात. यावर कुणी हरकत नोंदवल्याचं मी ऐकलेलं नाही, पण सदाशिव पेठेत असा एखादा गृहस्थ नक्की असणार. शिवाय मध्यरात्री तारीख बदलते तेव्हा गाडीचा मालक झोपलेला असतो, आणि काल रात्री बरोबर असलेली गाडी आज सकाळी चूक ठरते.

पाट्यांची गंमत अशी, की त्या वाचायला शिकलेल्या शहरानेच त्यांना बगल द्यायच्या युक्त्याही शोधल्या. निळ्या वर्तुळावर लाल तिरकी रेघ एक असेल तर नो पार्किंग, दोन रेघांची फुली असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. या दोन पाट्यांमधल्या फटीत आख्खं शहर राहतं. चारचाकी रस्त्याच्या कडेला, पार्किंग लाइट लुकलुकताहेत, यजमान साड्यांच्या दुकानात आणि चालकाच्या शेजारच्या जागेवर आजी. हवालदाराने काचेवर टकटक केली की आजी म्हणणार, “दोनच मिनिटं हं बाळा, आलेच ते.” आता त्या बाळाने आजीला उचलायचं कसं?

उचलण्याचा विषय निघालाच आहे. दुचाक्या उचलणारा टेम्पो हे पुण्याच्या रस्त्यावरचं एक कायमचं पात्र आहे. पुढे पोलीस, मागे कंत्राटदाराची पोरं; भोंग्यावरून गाडीचा नंबर पुकारायचा आणि मालक दुकानातून धावत येईपर्यंत गाडी वर. या पोरांची चपळाई कुणीही मान्य करील. निवड मात्र त्यांना सोपी जाईल तशीच होणार हे उघड आहे: हलकी दुचाकी आधी, बोजड चारचाकी नंतर. ऑगस्ट 2021 मध्ये नाना पेठेत या कारवाईने टोक गाठलं. दुचाकीवर स्वार बसलेला असताना गाडी त्याच्यासकट उचलली गेली. ते छायाचित्र देशभर फिरलं आणि लोक हसले. माझ्या मते कारवाई का करायची हे विसरलं गेलं की ती अशीच दिसते. गाडीवर माणूस असेल तर त्याला ‘पुढे हो’ म्हटल्याने रस्ता लगेच मोकळा होतो. उचलून रस्ता मोकळा होतो आणि पावतीही फाटते.

पावतीचा आकडाही या काळात बदलला. नो पार्किंगचा गुन्हा सहसा कलम 177 खाली येतो. मूळ कायद्यात पहिल्या वेळी 100 रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी 300 रुपयांपर्यंत दंड होता. 1988 चे शंभर रुपये तीस वर्षांनीही शंभरच, म्हणजे दंड दरवर्षी स्वस्त होत गेला. 2019 च्या दुरुस्तीने तो 500 आणि 1500 वर नेला. सप्टेंबर 2019 मध्ये देशात ही दुरुस्ती लागू झाली, महाराष्ट्राने मात्र तेव्हा हात आखडता घेतला. निवडणूक तोंडावर होती. आपल्याकडे नवे दंड लागू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला.

दरम्यान मुंबईने निराळा प्रयोग करून पाहिला होता. 7 जुलै 2019 पासून महापालिकेने आपल्या सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावल्यास किमान पाच हजारांपासून थेट 23 हजारांच्या वर जाणारी वसुली जाहीर केली. आकडा ऐकूनच पुण्यात लोकांनी कपाळाला हात लावला. त्यामागचा विचार मात्र धरण्यासारखा होता: जवळ वाहनतळ बांधून ठेवलाय, तिथे जा, नाही गेलात तर मोजा. बंदी आणि पर्याय एका वाक्यात आले होते. मुंबईला हे सुचलं, कारण बिल्डरांना जादा चटईक्षेत्र देऊन बांधून घेतलेले वाहनतळ तिच्या हातात होते आणि त्यांतले कित्येक अर्धे रिकामे राहत होते.

पुण्याकडेही वाहनतळ आहेत. मंडईजवळचे आर्यन आणि मिनर्वा हे त्यांतले जुने, दोन्ही नावं चित्रपटगृहांची. आर्यन हे पुण्याचं पहिलं चित्रपटगृह, 1915 साली गंगाधरपंत पाठकांनी सुरू केलेलं. ते 1983 मध्ये बंद पडलं आणि त्या जागी पुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. ज्या शहराने आपलं पहिलं थिएटर वाहनतळाला दिलं त्याने जागेचं मोल जाणलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. आर्यनला गाडी लावून तुळशीबागेत पायी जाणारे आहेत, पण रस्त्यावर फुकट जागा मिळायची थोडीशीही आशा असेल तर माणूस आधी तीन चकरा मारतो, मग वाहनतळाकडे वळतो. त्या चकरांनीही रस्ता तुंबतो.

फुकट जागेचा आणखी एक मोठा साठा म्हणजे मुठेचं पात्र. भिडे पुलाच्या आसपास वर्षाचे आठ महिने नदीपात्रात गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की गाड्या काढा म्हणून आवाहन होतं, काही मालक पोचतात, काहींच्या गाड्या पाण्यात जातात. पाणी ओसरलं की पुन्हा रांग. तिथे पार्किंगचा नियम नदीच करते, आणि तो सर्वांना सारखा लागू होतो.

पैशाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सभागृहात आला तो मार्च 2018 मध्ये. केंद्राच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणात पार्किंगचं शुल्क जागेच्या खऱ्या किमतीशी जोडावं असं आधीच लिहून ठेवलेलं होतं. आयुक्त कुणाल कुमार यांच्या काळात पालिकेने त्याच वाटेने जाणारं पार्किंग धोरण आणलं: रस्त्यावर गाडी लावायची तर तासाप्रमाणे पैसे, गर्दीच्या रस्त्यावर जास्त. विरोध जोरदार झाला. रात्री रस्त्यावर लावलेल्या गाड्यांचं काय, हा त्यातला सर्वांत बोचरा सवाल होता, आणि तो खराही होता; पेठांतल्या हजारो घरांना रस्त्याशिवाय दुसरी जागा नाही. अखेर मंजुरी मिळाली ती पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर. त्या प्रयोगाचं घोडं मग पुढे हललंच नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा विरोधाची भीती नसलेल्या कारभाराकडून काहींनी आशा केली होती. तीही फोल ठरली.

योगायोग असा, की धोरण मंजूर झालं त्याच सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली: माणसं सुमारे 35 लाख, वाहनं सुमारे 36 लाख, त्यांतल्या 27 लाखांच्या आसपास दुचाक्या. त्या बातमीवर आठवडाभर चर्चा झाली, विनोद झाले. धोरणाला विरोध करणाऱ्यांनी तोच आकडा ‘एवढ्या गाड्यांना पैसे कसे लावणार’ म्हणून वापरला आणि पाठिंबा देणाऱ्यांनी ‘एवढ्या गाड्या फुकट कशा ठेवणार’ म्हणून.

त्यातल्या त्यात रस्त्याची मांडणी बदलण्याचे प्रयत्न मला अधिक प्रामाणिक वाटतात. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानाच्या बाजूला फुटपाथ रुंद झाले, बसायला बाक आले, गाड्यांना आखलेले कप्पे मिळाले. पाटी लावण्याऐवजी दगडाची कड बांधली की हवालदाराचं अर्धं काम कमी होतं. दुचाकीवाले तरी त्या कडेवरून चढतात, ते सोडा. 11 डिसेंबर 2021 ला महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला, आणि पुढच्या वर्षांतही तो पाळला गेला. विसर्जन मिरवणूक सोडली तर या रस्त्याच्या मधोमध चालण्याची सवय पुणेकराला नाही. लोक आधी सवयीने कडेकडेनेच चालत होते. काही व्यापाऱ्यांना चिंता होती की गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येईल का. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर वर्षातल्या एका दिवसावरून निघत नाही, आणि दर शनिवारी-रविवारी करून बघायची कुणाची तयारी नाही.

29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आणि पुढे स्वारगेटपर्यंत धावू लागली. तुळशीबागेत जायला गाडी काढायलाच हवी, हा युक्तिवाद त्या दिवशी बराच लंगडा झाला. पेठेत रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचे असतील तर यापेक्षा बरा मुहूर्त दुसरा नव्हता. तो तसाच गेला.

2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं, की पार्किंगची जागा असल्याचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होऊ देणार नाही. जपानमध्ये असा कायदा 1962 पासून आहे. तिथे पोलीस जागा मोजून दाखला देतात. आपल्याकडे तो दाखला कोण देणार, ज्या इमारतीचं पार्किंग गोदामात गेलं त्या इमारतीला तो मिळणार का, आणि एकाच कप्प्यावर किती भाऊ आपापल्या गाड्यांचा दाखला काढणार, हे ठरायचं आहे. जुन्या सगळ्या आदेशांपेक्षा या प्रस्तावाची चाल मात्र निराळी आहे. गाडी रस्त्यावर येऊन उभी राहण्याची वाट न बघता तो तिला शोरूमच्या दारातच विचारतो, की राहणार कुठे. पुण्यातल्या आजवरच्या एकाही पाटीने हे विचारलेलं नाही.