शेकोटी अंगणातच बरी!

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातली थंडी हाडात शिरते. नागपूर, गोंदियाकडे पारा कधी कधी ८ अंशांच्याही खाली उतरतो. मग अंगणात शेकोटी पेटते. म्हातारी माणसे, लेकरे भोवती बसतात. ऊब मिळते, चार गोष्टी होतात. ही ऊब घेताना मात्र काही पथ्ये पाळलीच पाहिजेत.

जागा आणि जळण

घर, कुडाची भिंत, वाळत घातलेले कपडे यांपासून शेकोटी निदान १० फूट दूर असावी. वैरणीची गंजी असेल तर आणखी लांब. वर झाडाची फांदी किंवा विजेची तार नको. वीतभर खोल खड्डा करून भोवती विटा लावा. नाल्यातले ओले गोटे लावू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. वारा सुटला असेल त्या दिवशी शेकोटी नकोच.

वाळलेले बाभळीचे लाकूड सावकाश जळते. पऱ्हाट्या, तुराट्या भडकन पेटतात, म्हणून थोड्या थोड्या घाला. टायर, प्लॅस्टिक, रंगवलेल्या फळ्या जाळू नका; त्यांचा धूर विषारी असतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे तर जिवाशी खेळ.

मुलांकडे लक्ष

एक मोठे माणूस शेवटपर्यंत जवळ हवे, पाण्याची बादलीही हवी. नायलॉन, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. सुती किंवा लोकरी कपडे घाला. पदर, ओढणी खोचून बसा. कपड्यांनी पेट घेतलाच तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी धरा. शाई, तेल, टूथपेस्ट लावू नका. जखम मोठी असेल तर लगेच दवाखाना गाठा.

निखारे घरात नकोत

सर्वांत मोठा धोका शेकोटी संपल्यावरचा आहे. उरलेले निखारे घमेल्यात भरून खोलीत नेतात, दार-खिडकी लावून झोपतात. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात. या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपेतच जीव जातो. गर्भवती आणि तान्ह्या बाळाला धोका अधिक. अशा मृत्यूला कुणी करणी म्हणते, कुणी नशीब. ते दोन्ही नाही. तो बंद खोलीतला वायू आहे. बाळ-बाळंतिणीला ऊब द्यायची तर टोपरे, पायमोजे, दुलई आहे. बाळाला आईच्या अंगाशी धरणे आहे.

शेकताना डोके दुखले, चक्कर आली, मळमळले तर त्या माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

विझवल्याशिवाय झोपू नका

नुसती माती लोटली की निखारा आत तासन्तास जिवंत राहतो. सकाळी त्यावर अनवाणी लेकराचा पाय पडतो. म्हणून दूर उभे राहून पाणी शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा पाणी घाला. राखेवर हाताची मागची बाजू धरून पाहा. धग लागली तर आणखी पाणी.

घरातल्या सुनेला, सासूला, मुलांना हे आजच वाचून दाखवा.