घरीच राहा, पण कुठल्या घरी?

24 मार्च 2020 च्या रात्री आठला कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदीची घोषणा झाली आणि बाराच्या ठोक्याला देश बंद झाला. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे 17.7 लाख बेघर होते. पदपथावर राहणाऱ्यांची त्या रात्री रोजंदारी गेली आणि चहाच्या टपऱ्याही बंद पडल्या.

बेघर होण्याच्या काठावरचे लोक याहून कितीतरी अधिक होते. मुंबईत एका खोलीत आठ-दहा कामगार भाडं वाटून राहतात. मजुरी थांबली की महिन्याभरात खोली सुटते. 29 मार्चला केंद्राने मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नये, असा आदेश काढला. पण भाडं माफ झालं नाही. बहुतेकांकडे भाडेकरारच नव्हता. मग तक्रार कशाच्या आधारे करणार? मोफत धान्यही शिधापत्रिकेवर मिळत होतं, आणि अनेकांचं कार्ड गावी होतं. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी धान्याची घोषणा मे महिन्यात झाली. तोवर हजारो माणसं पायी गावाकडे निघाली होती.

याउलट इंग्लंडमध्ये सरकारने मार्चअखेरीस रस्त्यावर झोपणाऱ्यांना रिकाम्या हॉटेलांत हलवायला सुरुवात केली. इच्छाशक्ती असेल, तर निवारा काही दिवसांत उभा राहतो.

केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाच्या नियमानुसार लाख लोकवस्तीमागे शंभर जणांसाठी कायमचा निवारा हवा होता. पुढच्या साथीची तयारी हा नियम पाळण्यापासून, भाडेकरार नोंदवण्यापासून आणि कामगाराच्या हाती थेट पैसे देण्यापासून सुरू व्हायला हवी.