कावीळ नाही, रंग आहे तो

अँजिओग्राफी म्हटलं की पेशंटचा हात आधी छातीवर जातो. "अहो, मला नुसतं कमी दिसतंय, हृदयाचं काय मध्येच?" डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढण्याच्या माझ्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा या प्रश्नाने होते. हाताच्या शिरेतून फ्लुरेसिन सोडायचं, निळा प्रकाश टाकायचा आणि हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाला पापणी लवू न देण्याची गळ घालायची. दहा-पंधरा सेकंदांत रंग डोळ्यात पोचतो आणि काळ्या पडद्यावर रक्तवाहिन्या हिरव्या उजळतात. कुणाला मळमळतं. क्वचित कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी येते, म्हणून इंजेक्शनांचा ट्रे शेजारीच असतो. कातडी काही तास पिवळट दिसते आणि लघवी दिवसभर गडद पिवळी होते. हे आधी सांगितलं नाही, तर संध्याकाळी घरून फोन ठरलेला: कावीळ झाली का?

हा रंग अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवला. डोळ्याच्या अँजिओग्राफीला मात्र १९६१ उजाडलं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नोव्होट्नी आणि अ‍ॅल्विस हे दोघे वैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि पहिला डोळा खुद्द अ‍ॅल्विसचा! नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला; शेवटी तो 'सर्क्युलेशन' या हृदय-रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा छातीवर हात ठेवणाऱ्यांना मी हसत नाही.

फोटोत आम्ही शोधतो ती गळती. पडद्याच्या धडधाकट रक्तवाहिन्या रंग बाहेर जाऊ देत नाहीत. मधुमेहाने खिळखिळ्या झालेल्या मात्र झिरपतात, आणि त्या जागी हिरवा डाग पसरत जातो. मेंदूचंही तसंच. निरोगी मेंदूत रक्तातला रंग शिरत नाही, गाठीत शिरतो. याच आधारावर मिनेसोटातल्या जॉर्ज मूर यांनी १९४८ मध्ये फ्लुरेसिन वापरून मेंदूतल्या गाठी ओळखल्या होत्या.

पुढची युक्ती मला जास्त आवडते, कारण तिथे रंग द्यावाच लागत नाही. ऑपरेशनच्या काही तास आधी पेशंटला अमिनोलेव्हुलिनिक आम्ल प्यायला देतात. रक्तातलं हीम घडवताना शरीर हा पदार्थ एरवीही वापरतं. मेंदूतल्या घातक ग्लायोमाच्या पेशींत मात्र त्यापासून झालेलं पोर्फिरिन साचून राहतं आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात लाल चमकतं. जर्मनीत वाल्टर श्टुमर आणि सहकाऱ्यांनी ३२२ पेशंटांवर केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. चमक पाहून ऑपरेशन केलेल्यांपैकी ६५ टक्के जणांत स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात हेच प्रमाण ३६ टक्के होतं. सहा महिने आजार न वाढता काढणारेही जवळजवळ दुप्पट. एकूण आयुष्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. गाठ चमकते म्हणून ती बरी होते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बरं करायचं काम प्रकाशाकडूनही करून घेता येतं. काही औषधांवर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडला, की ती शेजारच्या ऑक्सिजनला आक्रमक रूप देतात आणि त्याने आसपासच्या पेशी मरतात. टॉमस डॉहर्टी यांनी अमेरिकेतल्या बफेलो इथे १९७० च्या दशकात ही पद्धत कॅन्सरवर नेटाने राबवली. कॅनडाने १९९३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी 'फोटोफ्रिन'ला मान्यता दिली.

डोळ्यासाठी याच जातीचं औषध म्हणजे व्हर्टेपोर्फिन. ते शिरेतून द्यायचं, मग पडद्यावरच्या रोगट जागेवर ८३ सेकंद लाल लेसर. लेसर दुखत नाही. खरी कसरत नंतरची. पुढचे पाच दिवस अंगावर थेट ऊन पडू द्यायचं नाही, नाहीतर कातडी भाजते. पूर्ण बाह्या, टोपी, गडद गॉगल. सनस्क्रीनचा इथे उपयोग नाही. ते अतिनील किरण अडवतं, हे औषध साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही जागं होतं. हे ऐकून काही जण खिडक्यांना चादरी लावून बसतात. तसं करू नका, असं आम्हाला मुद्दाम सांगावं लागतं: घरातल्या साध्या उजेडात कातडीतलं उरलेलं औषध हळूहळू निकामी होतं.