ब्रिटनमध्ये तीन वर्षं झाली, तरी पीआरच्या खात्यात शून्य? व्हिसा बदलताना वर्षं कशी मोजतात

"पोरगा लंडनला जाऊन तीन वर्षं झाली. आता दोन काढली की पक्का झाला." बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर असं बोलणं हल्ली आपल्या तालुक्यांतही ऐकू येतं. पाच वर्षांत पीआर मिळते हे ऐकलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. पण ही पाच वर्षं विमान उतरल्या दिवसापासून मोजत नाहीत. ती कुठल्या व्हिसावर काढली, यावर धरायची की सोडायची हे ठरतं.

ब्रिटनमध्ये पीआरला आयएलआर म्हणतात, म्हणजे मुदतीशिवाय राहण्याची परवानगी. नोकरीवाल्यांचा नेहमीचा रस्ता स्किल्ड वर्कर व्हिसाचा. त्यावर सलग पाच वर्षं काढली, कुठल्याही बारा महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं नाही, पगार अटीत बसला, इंग्रजीची अट आणि 'लाइफ इन द यूके' परीक्षा पार केली, की अर्ज करता येतो.

आपल्याकडची बहुतेक मुलं जातात ती एक वर्षाच्या एमएससीला, स्टुडंट व्हिसावर. नंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. त्यावर कुठलीही नोकरी करता येते, स्पॉन्सर लागत नाही. मुलगा राबतो, कर भरतो, घरी पैसे पाठवतो. तरी पाच वर्षांच्या हिशेबात ही तीनही वर्षं धरत नाहीत. स्किल्ड वर्कर व्हिसा हातात पडला की तिथून पहिला दिवस. म्हणजे एकूण आठ वर्षं. एज्युकेशन लोनसाठी जमीन तारण ठेवणाऱ्या बापानं हिशेब पाचाचा धरलेला असतो, घोळ तिथंच होतो. त्यात 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा मिळणार आहे (पीएचडीवाल्यांना तीन वर्षंच), आणि तो वाढवून मिळत नाही.

ग्रॅज्युएट व्हिसाची आणखी एक बाजू आहे, ती फार कमी लोक सांगतात. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्करसाठी साधारण पगाराची अट वर्षाला 41,700 पौंड आहे. नव्यानं नोकरीला लागणाऱ्या तरुणांना सवलत म्हणून ती 33,400 पौंडांवर येते. पण ही सवलत एकूण चारच वर्षं, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्या चारातून वजा होतो. दोन वर्षं तिथं गेली तर सवलतीची दोनच उरली. त्यानंतर मालकानं पूर्ण पगार दिला नाही तर व्हिसा पुढं सरकत नाही, आणि आयएलआरच्या वेळी तर सवलत चालतच नाही. त्यामुळं स्पॉन्सर देणारी नोकरी कोर्स संपल्या संपल्या मिळत असेल तर ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षं पूर्ण करत बसण्यात काही फायदा नाही, असं माझं मत. कोर्स पूर्ण व्हायच्या आत मात्र नोकरीच्या व्हिसावर उडी मारता येत नाही. जुलै 2023 मध्ये तो दरवाजा बंद झाला, पीएचडीवाल्यांना थोडी मोकळीक आहे.

मालक बदलला तर काय? इथं मात्र लोक उगाच घाबरतात. स्किल्ड वर्करवर असताना नवीन स्पॉन्सर मिळाला, वेळेत नवीन अर्ज केला, तर आधीची वर्षं टिकतात. हेल्थ अँड केअर व्हिसा हा स्किल्ड वर्करचाच भाग असल्यानं नर्सची वर्षंही त्याच खात्यात जमा होतात. स्पॉन्सर कंपनीचं लायसन्स गेलं तर मात्र साधारण 60 दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो.

पुण्यातल्या आयटी कंपनीनं बदली करून पाठवलेल्यांचा व्हिसा वेगळा असतो, ग्लोबल बिझनेस मोबिलिटी. त्यावर कितीही राबा, आयएलआरचा रस्ता नाही. तिथंच राहून स्किल्ड वर्करवर जाता येतं, पण मीटर शून्यापासून.

नवरा-बायकोच्या बाबतीतही असंच. बायको नर्स, नवरा तिच्यावर अवलंबून म्हणून गेला, तर त्या नात्याच्या व्हिसावरची त्याची पाच वर्षं चालू असतात. चौथ्या वर्षी त्याला चांगली नोकरी मिळाली आणि त्यानं स्वतःचा स्किल्ड वर्कर व्हिसा घेतला, तर त्याची मोजणी नव्यानं सुरू. अवलंबून असलेल्या जोडीदाराला नोकरी करायला तशीही मोकळीक असते. म्हणून अर्ज करण्याआधी दोनदा विचार करावा.

व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथंच नोकरीचा व्हिसा करता येत नाही, परत यावंच लागतं. फळं-भाजी तोडणीचा सीझनल वर्कर व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा, तोही तिथं बदलता येत नाही. "जा, पुढचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्या एजंटाला एवढं एक विचारून बघा.

मग स्टुडंटची वर्षं वायाच गेली का? पूर्ण नाही. दहा वर्षं सलग कायदेशीर राहिल्याचा वेगळा रस्ता आहे. त्यात स्टुडंट, ग्रॅज्युएट, कंपनी बदली अशा सगळ्या व्हिसांची वर्षं एकत्र धरतात. व्हिजिट आणि सीझनल वर्करची नाही. पण मध्ये खंड पडता कामा नये. जुना व्हिसा संपायच्या आत नवा अर्ज गेला पाहिजे. आणि तिथं राहून केलेला अर्ज प्रलंबित असताना कोणी देशाबाहेर गेला, तर तो अर्ज मागं घेतला असं धरतात. घरी कोणी गेलं, लग्न निघालं, म्हणून पोरगा विमानात बसला की अर्ज गेला. असा निरोप देताना घरच्यांनीही आधी अर्जाचं विचारावं.

हे सगळे नियम सरकतेही आहेत. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटन सरकारनं पाचाऐवजी दहा वर्षांचा पाया मांडला. नोव्हेंबरमधल्या मसुद्यात पदवीखालच्या दर्जाच्या कामांसाठी 15 वर्षांचा प्रस्ताव आला. केअर वर्करची परदेशातून नवी भरती तर 22 जुलै 2025 पासून बंदच आहे. त्यामुळं "अजून दोनच वर्षं" असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर अर्ज करायच्या दिवशीचा नियम गव्ह डॉट यूके या सरकारी साईटवर बघून घ्यावा.

शेतकरी घरांसाठी एक वेगळी गोष्ट. आयएलआर मिळाली तरी मुलगा भारतीय नागरिकच राहतो. साधारण वर्षभरानं ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज करता येतो आणि तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, मग ओसीआय कार्ड. पण शेतजमीन विकत घेण्याची मनाई ओसीआयलाही आहे आणि भारतीय पासपोर्टवरच्या अनिवासी मुलालाही. वडिलोपार्जित जमीन वारसानं त्याच्या नावावर येऊ शकते. शेजारचं वावर त्याच्या पैशानं त्याच्याच नावे घ्यायचा बेत असेल, तर इसार देण्याआधी वकिलाला विचारून घ्या.